तळ्याच्या ईशान्येला

पळीतलं पाणी तळहातावर घ्यायला सांगून अप्पा हटकून थांबायचे. "थांबा. आत्ता आपण कुठे बसलो आहोत?"

बहारीनला, माहूजमधल्या आमच्या बिल्डिंगीत सत्यनारायण असो की बारसं, भटजी म्हणजे वरच्या मजल्यावरचे अप्पा. पेशाने इंजिनिअर. समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी हौसेचं पौरोहित्य. मूळचे वाईचे. दक्षिणेला हात लावत नसत, पण प्रसादाचा दुसरा द्रोण हक्काने मागून घेत.

तुम्ही कधी पूजेला बसला असाल तर ठाऊकच आहे. संकल्प सोडताना आपण कोण, कुठल्या देशात, कुठल्या पाण्याच्या काठी बसलोय ते देवाला सांगायचं असतं. बाकीचे भटजी जगात कुठेही गेले तरी 'गोदावरीच्या दक्षिण तीरी' म्हणून मोकळे होतात. अप्पांना ते खपत नसे. "गोदावरी कुठे, आपण कुठे! देवाला खोटा पत्ता दिल्यावर तो यायचा कसा?" मग ते खणखणीत आवाजात 'समुद्रमध्ये बहारीनद्वीपे' म्हणत. तोवर आमच्या ह्यांच्या पायाला मुंग्या आलेल्या असायच्या.

पत्त्याच्या बाबतीत एवढा काटेकोर माणूस, पण स्वतःच्या मुलीचा पत्ता काही त्यांच्या तोंडून निघत नसे. बायको आधीच गेलेली, आणि ही एकुलती एक सुधा. कॅनडात शिकायला गेली आणि तिथल्याच डेव्हिडशी लग्न करून मोकळी झाली. विचारलं तर अप्पा म्हणायचे, "आहे तिकडे." तिचा फोन आला की आवाज ऐकून ठेवून द्यायचे. मग ती माझ्याकडे फोन करून रडायची. मला त्यांचा असा राग यायचा म्हणून सांगू!

एकदा ती म्हणाली, "ताई, आम्ही किंग्स्टनला घर घेतलंय. वास्तुशांत करायची आहे. इथे कुठला भटजी? बाबा कॅसेटवर पूजा सांगतील का? तुम्ही विचारून बघा ना."

मी वर गेले आणि एका दमात सांगून टाकलं. अप्पा भेंडी चिरत होते. ती सगळी चिरून ताटलीत सारली. मग म्हणाले, "कुठे बसणार ते ठाऊक नाही, आणि म्हणे पूजा सांगा!"

"मग ठाऊक करून घ्या की!" मी म्हटलं आणि तरातरा खाली आले.

पुढच्या शुक्रवारी स्वारी इंग्रजी लायब्ररीतली दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आमच्या दारात. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "हे बघ, ओंटारिओ सरोवर. समुद्राएवढं, आणि सगळं गोडं पाणी! फुकट! आम्ही इथे बॉयलर पेटवून मरतोय." बोट काठाकाठाने सरकत एका टोकाला थांबलं. "इथे सरोवर संपतं आणि नदी सुरू होते. तिथेच हिचं गाव. कोपरा कुठला?"

"ईशान्य," मी म्हटलं.

"देवघराचा!" अप्पा इतके खूश झाले की आपणहून चहा मागितला.

मग दर शुक्रवारी थोडंथोडं गाव उलगडायला लागलं. मूळच्या लोकांनी त्या जागेला कॅटारॅक्वी म्हटलं. फ्रेंच आले ते केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी, त्यांनी किल्ला बांधला. तो इंग्रजांनी घेतला आणि गावाला राजाचं नाव चिकटवलं. चुनखडीच्या दगडाची घरं उठली. काही वर्षं तर ते राजधानी होतं, मग राजधानीही दुसरीकडे गेली. "आमच्या साताऱ्यासारखंच," अप्पा म्हणाले.

एका शुक्रवारी मात्र पुस्तक उघडं टाकून नुसतेच बसून राहिले.

"काय झालं?"

"अमेरिकेतल्या लढाईत राजाच्या बाजूची माणसं हरली, ती घरदार सोडून इथे आली. गाव वसवलं ते त्यांनी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अख्खं गाव घर सोडून आलेल्यांचं, अगं. आणि मी आमच्या एका पोरीवर डूख धरून बसलोय."

तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी. मी धावत जाऊन टेपरेकॉर्डर आणला.

अप्पा नेहमीसारखेच थांबले, नेहमीसारखंच विचारलं, आणि मग म्हणाले, 'ओंटारिओसरोवरस्य ऐशान्ये तीरे कॅटारॅक्वीग्रामे.' राजाचं नाव कालपरवाचं, पाण्याला जुनंच ठाऊक असणार, असं त्यांचं मत. पुढे यजमानाचं गोत्र आणि नाव. आता डेव्हिडला कुठलं गोत्र! त्यांनी बटण बंद केलं, "ज्याचं गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप," असं मला बजावलं आणि पुन्हा टेप सुरू केला. 'काश्यपगोत्रोत्पन्नः डेव्हिडशर्मा अहम्.'

मला एकीकडे हसू फुटलं, एकीकडे रडू.

कॅसेट टपालाने पोचून तिकडे पूजा झाल्यावर सुधाचा फोन आला. या वेळी अप्पांनी तो ठेवला नाही. "ईशान्येलाच बसलात ना?" एवढं विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला. नंतर मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, "पुढच्या लीव्हला जाणार, इंशाल्ला." लीव्ह मंजूर झाली, व्हिसाही आला, आणि त्याच आठवड्यात ड्यूटीवर असतानाच त्यांचं हृदय बंद पडलं. अजून आठवलं की जीव तुटतो.

चार-पाच वर्षांनी आम्ही किंग्स्टनला गेलो. घराच्या वाढदिवसाला ते दरवर्षी ती कॅसेट लावतात. डेव्हिड स्वेटरवर सोवळं नेसून पाटावर, शेजारी सुधा, तिच्या मांडीवर अप्पांना कधीच न पाहिलेली त्यांची नात. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच.

टेप सुरू झाला. डेव्हिडने तळहातावर पाणी घेतलं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "आत्ता आपण कुठे बसलो आहोत?"

पोरगी टेपरेकॉर्डरकडे वाकली.

"घरी, आजोबा."