मीटिंगमधली मराठी

आमच्या कंपनीत मराठी येणारे आम्ही दोघंच. मी बंगळुरातल्या चामराजपेटची, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण निम्मी कन्नड मिसळलेली. तो बेळगावकडचा. कंपनी सुरू झाली आमच्या घरच्या पुढच्या खोलीत. मी सीईओ झाले, तो तंत्रज्ञानाची बाजू सांभाळायचा आणि मला अक्का म्हणायचा.

त्या मराठीनं आम्हाला फार हात दिला. समोर बडं गिऱ्हाईक बसलेलं असायचं आणि हा चहाची चौकशी केल्यासारखा हसून म्हणायचा, "अक्का, गप बस की. पाघळलंय ते." मी गप्प बसायचे, करार व्हायचा. पुढे हेब्बाळच्या काचेच्या इमारतीत गेलो, गुंतवणूकदार आले, संचालक मंडळ आलं, तरी आमची खोड काही गेली नाही. चारचौघांत असं बोलणं बरं दिसत नाही, हे कळायचं. पण मजा यायची, खरं सांगते.

गेल्या महिन्यात मंडळाची बैठक होती. नेहमीचीच असेल म्हणून मी पुढच्या वर्षाचे बेत घेऊन गेले. बड्या गुंतवणूकदाराच्या माणसानं घसा साफ केला आणि इंग्रजीत म्हणाला, कंपनी आता मोठी झालीय, तिला नवा सीईओ हवा. हे कुणाबद्दल चाललंय, तेच मला आधी कळेना. मग सगळे खाली टेबलाकडे बघायला लागले, तेव्हा कळलं.

तरी मी घाबरले नाही. शेजारी तो होता ना! त्याचं मत माझ्या बाजूनं पडलं की ठराव फेटाळला जाणार होता. सवयीनं हसरा चेहरा करून मी मराठीत विचारलं, "काय रे, काय सांगू ह्यांना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. इंग्रजीत. हा निर्णय कंपनीच्या भल्याचा आहे, असं म्हणाला. माझ्या योगदानाबद्दल आभारही मानले. योगदान! माझ्या आईच्या हातचा बिसीबेळे भात खाऊन उमेदीची वर्षं काढलेला माणूस मला योगदान ऐकवत होता.

राग नंतर आला. तेव्हा नुसती बधिर झाले होते. मी मराठीत विचारलं आणि हा इंग्रजीत बोलला, एवढंच डोक्यात फिरत होतं. हात वर झाले. त्याचाही झाला.

खाली जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दार मिटल्याबरोबर तो हळूच म्हणाला, "अक्का, रागावलीस काय? स्वल्प ऐक की माझं. संध्याकाळी घरी येतो, आईंना सांगून ठेव."

तीच मराठी, तोच लाडीक सूर. मी तोंड उघडलं, पण त्याच्याशी बोलायला एक मराठी शब्द सापडेना.

"प्लीज कॉल माय ऑफिस फर्स्ट," मी म्हणाले.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आठवलं, मला आता ऑफिसच नव्हतं.