शिफारसपत्र तूच लिही

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी अर्थशास्त्राच्या एमएला अप्लाय केलं. स्वप्न वगैरे काही नव्हतं. कॅनडात, एडमंटनच्या सरकारी कचेरीत चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या अहवालांसाठी तक्ते करत होते, आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष कधीकधी चुकीचे असतात हे मला दिसत होतं. पण निष्कर्ष काढणं मास्टर्सवाल्यांचं काम. माझी नागपूरची बीए तिथे पुरत नव्हती.

फॉर्म भरणं मला जमतं. मार्कशीट आल्या. संध्याकाळी जाऊन केलेल्या गणिताच्या कोर्समध्ये मार्क चांगले होते, तो कोर्स शिकवणाऱ्या बाईंनी एक शिफारसपत्र लगेच कबूल केलं. दुसरंही शिकवणाऱ्याचंच हवं होतं, साहेबाचं चालणार नव्हतं. नागपूरच्या सरांपैकी मला ओळखणारे एकच उरले होते. वय एक्याऐंशी. त्यांना फोन केला.

"सर, दुसरं पत्र नसेल तर माझा अर्ज बघणारच नाहीत."

"अगं, मग तूच लिहून पाठव ना. मी माझ्या नावानं देतो. सगळ्यांचं असंच केलं मी."

यात मला काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पत्र ज्याला हवं तोच लिहितो, सर सही करतात. लंचच्या अर्ध्या तासात मी लिहून पाठवूनही दिलं.

शनिवारी सकाळी फॉर्मच्या शेवटच्या पानावर आले. तिथे सही करायची होती: पत्रं मी पाहिलेली नाहीत आणि पुढे कधी विचारणारही नाही. मुलगी पोहे खात माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"आई, यू रोट इट?"

"सरांनीच सांगितलं."

"दॅट्स चीटिंग."

"आमच्याकडे पद्धत आहे तशी."

"देन टेल देम. फॉर्ममध्ये लिही, आमच्याकडे पद्धत आहे तशी."

नवरा ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बूट चढवत होता. "हिला वकील कर," म्हणाला आणि बाहेर सटकला.

मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. मुदत संपायला सहा दिवस होते, आणि सर एका बोटानं टाइप करतात.

रविवारी सकाळी सातला, म्हणजे तिकडे संध्याकाळी साडेसातला, पुन्हा फोन केला.

"सर, ते पत्र पाठवू नका. तुम्हालाच लिहावं लागेल."

"काहून? चांगलं तर लिहिलंस. मी फक्त एक दुरुस्ती केली."

"कोणती?"

"वर्गात पहिली म्हणे! तिसरी होतीस तू."

खरंच होतं. इतक्या वर्षांत तिसरीची पहिली कधी झाले, मलाही कळलं नव्हतं.

"सर, पत्र मी पाहिलेलं नाही अशी सही करायची आहे मला."

"मग कर ना."

"पाहिलंय. मीच लिहिलंय."

सर इतके हसले की त्यांना खोकला लागला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मला काम लावलं. बघतो बापा. पण लांबलचक नाही लिहिणार."

मी सही केली आणि फॉर्म पाठवला. त्यानंतर दिवसातून चार वेळा, कधी ऑफिसच्या वॉशरूममधूनही, मी वेबसाइट उघडत होते. सरांच्या नावापुढे 'बाकी'. बुधवारीही 'बाकी'. आठवण करून द्यायला फोन उचलला आणि ठेवून दिला. माणसाला एकदा काम सांगितलं की करू द्यावं. मुदतीच्या आदल्या दिवशी तिथे 'मिळालं' आलं. मी हात धुतले आणि मीटिंगला गेले.

मार्चमध्ये प्रवेश मिळाल्याचं कळलं. मुलीनं "टोल्ड यू" म्हटलं, नवऱ्यानं बाहेरून जेवण आणलं. सरांना कळवलं तेव्हा राहवलं नाही.

"सर, लिहिलं काय होतं?"

"विचारणार नाही अशी सही केलीस ना?"

"केली."

"मग?"

मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

मी तिसरी आले होते हे सरांनी नक्की लिहिलं असणार. लिहू दे. परवा वर्गासाठी कॉम्प्युटर साफ करताना माझं ते जुनं पत्र सापडलं. पहिल्याच परिच्छेदात तीनदा 'एक्सेलंट'. या बाईला मी स्वतः घेतलं नसतं. डिलीट केलं आणि गृहपाठाला बसले.