गौतमीला दगडच शिकायचा होता

सांगते, पण मधी कुणी बोलायचं न्हाई.

आमचे मालक, म्हाळू, न्हावऱ्याच्या आसपास तीस वर्षं विहिरी खोदत आले. पहार, घण, सुरुंग. एका सुरुंगात उजव्या हाताची दोन बोटं गेली. आन् अठ्ठ्याण्णव साली पोरगी, गौतमी, बारावी झाली तशी म्हणती कशी, मला पुण्याला जाऊन भूशास्त्र शिकायचंय. म्हंजी काय, तर जमिनीखालचा दगड.

मालकांचं डोकंच फिरलं. त्यांनी शिरूरवरनं डी.एड.चा फॉर्म आणलेला. दोन वर्षांत मास्तरीण, जन्माचा पगार. म्हणाले, मी दगडात हात घालवला, आता पोरगीबी दगडातच घालू व्हय? पुण्याच्या फॉर्मवर सही करंनात. पोरगीबी माझीच. डी.एड.चा फॉर्म तिनं चुलीपाशी ठेवला, तो तसाच कोरा. बापलेक आठ दिवस बोलंनात. शुक्रवारी पुण्याच्या फॉर्मची शेवटची तारीख होती.

गुरुवारी सोपानरावांच्या मळ्यात बोअर घ्यायचं होतं. मोठे बागायतदार. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला, आन् वरच्या अंगाला, बांधाजवळ, नारळ उभा राहिला. तिथंच मशीन लावलं. आम्ही नारळ-बिरळ मानणारी माणसं न्हाई, पण मालक रोजानं कामावर होते, गुमान बघत बसले. दुपारी मी आन् गौतमी भाकरी घेऊन गेलो.

बोअरवाले दर दहा फुटांचा चुरा वेगळ्या ढिगात ठेवतात. गौतमी एकेक ढीग मुठीत घेऊन बघत गेली. वरची माती, मुरूम सोडला तर सगळा काळा पाषाण, कोरडा भुगा. तीनशे फुटाला सोपानरावांनी मशीन बंद करायला लावलं. पाणाड्या म्हणाला, जागेला कुणाचा तरी विटाळ झाला असंल, आन् बघितलं आम्हा मायलेकींकडं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरीनं चारचौघांत बापाला विचारलं, "आबा, खरं सांगा. इथं पाणी न्हाई हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं," मालक म्हणाले. "वरच्या अंगाला सलग पाषाण हाय. पाणी खाली ओढ्याकडं, भोकाभोकाच्या दगडात."

सोपानराव उखडले. "मग आधी का बोलला न्हाईस, म्हाळ्या?"

"मला कुणी इचारलं?"

सोपानरावांनी पाणाड्याकडं बघितलं, तर तो पिशवी आवरत होता.

घरी आल्या आल्या मालकांनी हातपाय न धुता पुण्याचा फॉर्म मागितला. उरलेल्या तीन बोटांत पेन धरून सही केली. डोळे भरले होते त्यांचे, मी बघितले.

"तीस वर्षं ठाऊक असून नारळामागं खणत गेलो," म्हणाले. "तुला तरी इचारतील."

गौतमीनं फॉर्म घडी करून पिशवीत घातला. "न इचारता सांगंन, आबा."

शुक्रवारी पहाटे मी तिच्या अंघोळीचं पाणी तापवलं. पेटवणाला डी.एड.चा फॉर्म घेतला.