हिलालभाऊचे गतिरोधक

सोनगीर ओलांडून शिरपूरकडे निघालं की मधे एक छोटी नगरपालिका लागते, ती आमची. नाव लिहीत नाही, उगाच उद्यापासून माझ्या नळाचं पाणी जायचं. आमच्या पालिकेची रस्ते करायची पद्धत सरळ आहे. आधी डांबर टाकायचं, मग पाइपलाइन राहिली हे आठवायचं, मग खणायचं आणि मग ठिगळ लावायचं. हा क्रम उलटा करायचं दरवर्षी सभेत ठरतं, आणि भजी येईपर्यंत ते ठरलेलं राहतं. या सगळ्या ठिगळांचा मुकादम म्हणजे आमच्या गल्लीतला हिलालभाऊ.

हिलालभाऊ लाख माणूस, पण त्याला नाही म्हणता येत नाही. ठिगळं लावून झाली की ट्रॉलीत थोडा गरम माल उरतो. तो माघारी नेता येत नाही, थंड झाला की त्याचा दगड होतो. नेमकी तेव्हाच एखाद्या दारातून हाक येते, "हिलालभाऊ, आठे बी टाकी द्या ना एक. पोरंसोरं खेळतस." हिलालभाऊ तिथे एक गतिरोधक घालून मोकळा होतो, वर चहा मिळतो. मग शेजारच्या घराला राहवत नाही. त्यांच्याकडे पोरंसोरं नसली तरी इज्जत असते. होता होता ज्याच्या दारापुढे गतिरोधक नाही त्याला गावात कोणी विचारत नाही, अशी समजूतच झाली. आमच्या दारापुढचा वडिलांनी घालून घेतला. तो समोरच्यांपेक्षा उंच आहे हे ते पाहुण्यांना मुद्दाम दाखवतात.

सगळं मजेत चाललं होतं, तोवर हिलालभाऊच्या सुनेला, दिपमालाला, दिवस गेले. आधीच्या खेपेला तिचं बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे घर धास्तावलेलं. धुळ्याला देवपुरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की वार खाली आहे, तिला अजिबात हिसका बसता कामा नये, नाहीतर हेही बाळ हाती लागायचं नाही. धुळ्यापर्यंतचा हायवे गुळगुळीत आहे. प्रश्न होता घरापासून हायवेपर्यंतचा. परतताना गल्लीतल्या रिक्षावाल्या पिंटूने रिक्षा पायी चालणाऱ्यापेक्षा हळू आणली, तरी दिपमालाने दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं होतं. पुढे बसलेला हिलालभाऊ प्रत्येक उंचवट्याला डोळे मिटून घेत होता. हा शेवंताबाईंचा, हा प्रेमराजशेठचा, हा आमचा. सगळे त्याच्याच हातचे.

घरी आल्यावर त्याची बायको भिकुबाई एवढंच म्हणाली, "तुम्ही गावले राजी ठेवा. माले मनी सून पाहिजे."

दुसऱ्या दिवशी हिलालभाऊ इंजिनीयर साहेबांकडे गेला आणि गतिरोधक काढायची परवानगी मागितली. साहेबांनी कपाट उघडलं, बंद केलं. "हिलालभाऊ, कागदावर आपल्या गावात एकही गतिरोधक नाही. जे नाहीच ते काढायची परवानगी कशी देऊ?"

साहेबांचं काही चुकत नव्हतं. हिलालभाऊने पहार खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या आतल्या टोकापासून सुरुवात केली.

दिपमालाचं बाळ सुखरूप यावं, याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. फक्त शेजाऱ्याचा आधी काढा, एवढंच प्रत्येकाचं म्हणणं. शेवंताबाईंनी देवाची शपथ घातली. प्रेमराजशेठ म्हणाले, माझा राहू द्या, मी सुनेला माझ्या गाडीतून पाठवतो. जणू त्यांची गाडी हवेतून जाते. आमच्या वडिलांनी तर गतिरोधकावर खुर्चीच टाकली. मला त्यांची लाज वाटली आणि मी तसं तोंडावर बोललो, पण ते हलले नाहीत. उभ्या जन्मात कोणाला नाही न म्हटलेला हिलालभाऊ त्यांच्यासमोर उभा राहून शांतपणे म्हणाला, "बठ्ठा निंघतीन आबा, एक बी ठेवस नही. खुर्ची उचला." वडील उठले. त्यांनाही बहुधा नवल वाटलं असावं.

गतिरोधक निघत गेले तसा हिलालभाऊचा चहा बंद झाला. लोक त्याला बघून घरात जाऊ लागले. त्याला ते फार लागलं. चहासाठी नव्हे, हाकेसाठी. त्याने आयुष्यात कमावली होती ती तेवढीच.

शेवटी हायवेच्या तोंडाशी एकच गतिरोधक उरला, इंदिराअक्कांचा. अक्कांना मूलबाळ नाही, दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसभर त्या ओट्यावर बसून असतात. हिलालभाऊ पहार टेकून नुसताच उभा राहिला.

"अक्का, तुमना दारसे तं पोरं बी नही खेळत. तुम्ही कसाले मांगी लिधा होता?"

अक्का हसल्या. "आठे गाडी हळू व्हस. गाडी हळू व्हयनी का मानूस मन्हाकडे पाहस, राम राम करस. नहीतं दिनभर मनासंगे कोन बोलस?"

हिलालभाऊला पहार काही उचलवेना. तेव्हा अक्काच ओट्यावरून खाली उतरल्या आणि गतिरोधकाच्या बाजूला झाल्या. "तुनी सूनले धक्का नको लागाले. फोडी टाक, भाऊ."

त्याने फोडला. मी समोर उभा होतो. फोडताना तो एकदाही वर बघत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तारखेच्या आधीच, एका सकाळी दिपमालाच्या पोटात कळा सुरू झाल्या. पिंटूची रिक्षा गल्लीतून अलगद निघाली. मागे ती आणि भिकुबाई, पुढे हिलालभाऊ. मी मोटारसायकलवर मागे होतो. रस्ता सपाट होता. इंदिराअक्कांच्या दारापाशी मात्र रिक्षा हळू होत होत थांबली. वाटलं, काही बिघडलं. पण दिपमालानेच पिंटूला थांबायला सांगितलं होतं. ती कळ सोसत म्हणाली, "अक्का, राम राम. जाऊन येते."

अक्का ओट्यावरून धावतच आल्या. रिक्षाच्या टपावर थाप मारून पिंटूवर ओरडल्या, "थांबनास काब्रं, मेल्या? चाल, चाल. आठे थांबू नको."

रिक्षा हायवेला लागली. हिलालभाऊ मात्र मागेच राहिला. पुढची दाटी कमी होऊन पिंटूला रिक्षा नीट हाकता यावी म्हणून तो अक्कांच्या दारापाशीच उतरला होता, आणि माझ्या मागे बसायचंही त्याला सुचलं नाही. दुपारी देवपुरातून भिकुबाईचा फोन आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. तो फोन हिलालभाऊने घेतला तो इंदिराअक्कांच्या ओट्यावर बसून.