कापलेला वन्समोर

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत गाजलेल्या गायिकेवर माहितीपट निघाला. त्यातली जुनी नाटकं मी शूट केलेली, कॅसेटीही माझ्याच. एका नाटकात ती गाता गाता मरते, लोक ‘वन्समोर’ ओरडतात, मग ती उठून पदर झटकते, तेच गाणं पुन्हा म्हणते आणि पुन्हा मरते. पुण्याच्या दिग्दर्शकानं नेमकं तेवढंच कापलं. म्हणाला, “मेलेली बाई उठली तर लोक हसतील.”

माझं डोकंच फिरलं. “हसू द्या, भाऊ. आमच्या इथी असंच होते. हे ठेवत नसान तं माह्या कॅसेटी वापस करा.”

त्यानं ठेवलं.

आमच्या वडशात माहितीपट दाखवला, तेव्हा ती या जगात नव्हती. पडद्यावर ती मेली आणि अख्खा हॉल ‘वन्समोर’ ओरडला.

ती उठली.