आठव्यांची मोजदाद

नानांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारांवरच्या पाट्या रंगवल्या. लांबलचक आडनाव आलं की कुरकुरायचे, "अहो, पाटी तरी मोठी घ्या, नाहीतर आडनाव तरी छोटं करा!" त्यांचं स्वतःचं आडनाव आठवे. "मग सातवे कुठे राहतात?" हा विनोद इतक्यांदा ऐकलेला, की समोरच्याने तोंड उघडायच्या आतच नाना म्हणायचे, "खालच्या मजल्यावर."

थट्टा राहू द्या, पण आपल्या आडनावाचं आणखी कुणी असेल का, हा ध्यास काही त्यांनी सोडला नाही. मतदारयाद्या, टेलिफोनची जुनी डिरेक्टरी, परीक्षांचे निकाल, सगळं पालथं घातलं. एकदा दूरच्या गावच्या यादीत एक आठवे सापडले. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, दिवसभर प्रवास करून, मिठाईचा पुडा घेऊन दारात हजर! तो गृहस्थ हसला. "आम्ही आठवले हो. छापणाऱ्याने ल खाल्ला." पुडा तिथेच ठेवून नाना मुकाट्याने परतले.

म्हणजे आठवे काय ते घरातलेच चार: नाना, मुलगा, सून आणि नात. दोन वर्षांपूर्वी मुलगा कारखान्यात यंत्राखाली गेला. तीन उरले. सुनेचं दुसरं लग्न नानांनीच मागे लागून लावून दिलं. माणूस चांगला, दवाखान्यात कंपाउंडर. दोन उरले.

आणि आज सून नातीला घेऊन आली ती कागद घेऊनच. नातीचं आडनाव बदलायचं, तर कचेरीला आजोबांची संमती हवी होती.

"काय हवं ते माग पोरी, पण हे नको," नाना ताडकन म्हणाले. "हे नाव कुठून आलं ते माहीत तरी आहे का तुला?"

नात रंगाच्या डब्यांशेजारी बसली होती. नानांनी तिलाच जवळ ओढलं. "माझे आजोबा तुझ्याएवढेच होते. आईबाप साथीत गेलेले. कुणीतरी शाळेत आणून सोडलं आणि निघून गेलं. मास्तरांनी विचारलं, आडनाव काय? पोर रडत म्हणालं, आठवेना. मास्तर कानाने जरा कमीच. त्यांनी लिहिलं, आठवे. झालं!"

नातीने विचारलं, "मग शाळा सुटल्यावर त्यांना न्यायला कोण आलं?"

"कोण येणार? कुणीच नाही."

"अय्या! मला तर बाबा येतात. घंटा व्हायच्या आधीच येऊन उभे असतात."

कालपर्यंत ती त्या माणसाला काका म्हणायची. सुनेने चमकून तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. अनाथ पोराच्या गळ्यात पडलेलं नाव, आणि हिला आता बाप मिळाला होता. आपण कशासाठी अडून बसलोय, असं नानांच्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला.

"आण तो कागद," ते म्हणाले.

एवढी वर्षं सरळ रेघ मारणारा हात, पण सही रेघेखाली घसरली.

नात सही निरखत होती. "नाना, तुम्हाला न्यायला कोण येणार मग?"

"मला घर सापडतं गं," नाना म्हणाले, आणि मग त्यांना काही केल्या रडू आवरेना.