भोंगाकाका आणि नावाड्याची शेळी

त्यांचं खरं नाव बस डेपोतही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. बरोबरीचे त्यांना भोंगा म्हणत, लहान असलेले भोंगाकाका. वडिलांची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या खडखडाटात बोलायचं तर ओरडूनच, त्यामुळे अख्खं घरच मोठ्याने बोलायचं. बाकीची भावंडं पुढे सुधारली, हे मात्र तसेच राहिले. बस चालवताना थांब्याचं नाव ते स्वतःच पुकारत, आणि ते आतल्या उतारूंइतकंच बाहेर उभ्या असलेल्यांनाही कळे.

बायको अगदी मवाळ बोलणारी. गॅलरीत रिकाम्या डब्यांमधून ती फुलझाडांची रोपं वाढवायची आणि उन्हाळ्यात दर शनिवारी नदीकाठच्या बाजारात टेबल मांडायची. भोंगाकाका वर्षभर या शनिवारांची वाट पाहत. कुंड्या उतरवून दिल्या की स्वारी फेरफटक्याला निघे. कुंभाराच्या चाकापाशी रेंगाळायचं, जुन्या पुस्तकांचा वास घ्यायचा, टोपल्या विणणाऱ्या बाईंशी गप्पा छाटायच्या, आणि येताना घरात कुणालाच नको असलेली एखादी वस्तू उचलून आणायची. एकदा मान हलवणारं लाकडी बदक आणलं. बायकोने कपाळाला हात लावला. पण ते खिडकीत मांडलं तिनेच.

विक्रीत मात्र त्यांना मज्जाव होता. एकदा मदत म्हणून त्यांनी भाव सांगितला, तर समोरच्या आजींच्या हातून कुंडीच सुटली. तेव्हापासून बायकोचा हुकूम होता: उचलायचं, ठेवायचं, बोलायचं नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला बाजाराशेजारच्या मैदानावर कला महोत्सव भरला. चित्रं, बाहुल्यांचे खेळ, गाणी आणि संध्याकाळी कथाकथन. गोष्ट सांगणार होत्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई. गोष्टी लाख मोलाच्या, पण आवाज शेजारी पेशंट झोपलाय असा. त्यांची दोन वाक्यं झाली नाहीत तोच माइक बंद पडला. मागचे लोक उठायला लागले.

आयोजकांमध्ये काकांची मेहुणी होती. ती धावत रोपांच्या टेबलापाशी आली आणि "भावोजी, चला," एवढंच म्हणाली. काकांनी बायकोकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "इथलं मी बघते."

रोज बसभर माणसं वाहून नेणारे हे गृहस्थ मंचाच्या कडेलाच अडून राहिले. नर्सबाईंनी त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं. "मी सांगते, तुम्ही पोहोचवा," त्या म्हणाल्या.

गोष्ट होती एका नावाड्याची आणि त्याच्या शेळीची. बाई एक वाक्य बोलत, काका ते मैदानावर सोडून देत. उठलेले लोक परत बसले. सुरुवातीला काका थांबे पुकारल्यासारखं बोलत होते, मग हळूहळू गोष्टीत शिरले. पुरात शेळी वाहून गेली आणि नावाडी काठाकाठाने हाका मारत फिरला. ती हाक काकांच्या तोंडून कुजबुजल्यासारखी निघाली. पण मैदान इतकं शांत झालं होतं, की तीही शेवटच्या रांगेपर्यंत गेली.

त्यांना डोळे पुसताना पाहून नर्सबाईंना राहवलं नाही. कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "रडू नका हो, शेळी परत येणार आहे."

"शेळी परत येणार आहे!" काकांनी त्याच झपाट्यात मैदानाला सांगून टाकलं.

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग असा हशा पिकला, की नर्सबाईंनाच ठसका लागला. शेवट फुटला होता, तरी एकही माणूस जागचा हलला नाही. शेळी खरोखर परत आली तेव्हा टाळ्या थांबेनात. गर्दीत पुढे काकांची बायकोही उभी होती. कुंड्या तिने केव्हाच कुंभाराच्या भरवशावर सोडल्या होत्या.

माइक दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला, पण लोक विचारू लागले, ते काका कुठे आहेत? तेव्हापासून दर उन्हाळ्यात ही जोडी ठरलेली. नोकरी संपल्यावर तर काका गोष्टींतच रमले. तालीम नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात चालते, त्यामुळे शेजारपाजाऱ्यांना सगळ्या गोष्टी आधीच पाठ असतात. महोत्सव आटोपला की नर्सबाई, मेहुणी आणि हे नवराबायको नदीच्या पायऱ्यांवर कलिंगड खात बसतात. बिया पाण्यात कोण लांब उडवतो याची पैज लागते. आजवर काकांच्या बायकोला कुणी हरवलेलं नाही.